ओंडका नदीपार आणताना

डेलावेअर नदीच्या पूर्वेला न्यू जर्सी, पश्चिमेला पेन्सिल्वेनिया. मी न्यू जर्सीत राहतो. घरामागे एक छोटी पट्टा-करवतीची गिरणी मांडली आहे आणि सुट्टीच्या दिवशी लाकूड चिरतो. मला हवी असलेली झाडं बरीचशी नदीच्या पलीकडे पडतात, त्यामुळे ओंडके आणायचे म्हणजे राज्याची हद्द ओलांडायची. या हौसेत नव्याने पडलेली मंडळी मला गिरणी कोणती घ्यावी हे विचारतात. गिरणीचं सगळं माहितीपत्रकात मिळतं. ओंडका कुठून आणायचा, कसा आणायचा आणि कोणता आणायचाच नाही, हे मात्र कुणी विचारत नाही, म्हणून ते इथे लिहितो आहे.

१. झाडं तोडण्याचं काम करणाऱ्यांशी ओळख ठेवा. घरांवर आलेली, वादळात मोडलेली झाडं उतरवणारे कंत्राटदार फांद्यांचा जागेवरच भुसा करतात, पण दोन फूट जाडीचा बुंधा त्यांच्या यंत्रात जात नाही. तो टाकायला न्यायचा तर गाडी, माणसं आणि वर जागेचं भाडं. दोन दिवसांत येऊन उचलणारा माणूस भेटला तर ते ओंडका आनंदाने देतात. फोन आला की जायचं आणि नुसता चांगला तुकडा निवडून पळायचं नाही, वाकडा-तिकडाही न्यायचा. पुढचा फोन त्यावरच अवलंबून असतो.

मालकाकडून दोन ओळींचा कागद मात्र घ्या: झाड कुठलं, कुठल्या जागेतलं, कुणाला दिलं, तारीख आणि सही. आपल्याकडे स्वतःच्या शेतातलं सागवान तोडायला परवानगी, हलवायला वाहतूक पास, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का आणि आरागिरणीला वनखात्याचा परवाना, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना इथलं काम सैल वाटतं. खाजगी जागेतल्या झाडाला इथे तसा पास लागत नाही. पण रस्त्यात कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवाच, आणि झाड देणाऱ्यालाही त्याने बरं वाटतं.

२. आधी साल बघा, मग बाकीचं. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच.

ॲशचा ओंडका बाहेरून धडधाकट दिसतो. सालीवर जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं भोक असतं, एक बाजू सपाट, एक गोल, इंग्रजी डी अक्षरासारखं. पहारेने तिथली साल उचकटली की खाली नागमोडी वाटा दिसतात, भुश्याने गच्च भरलेल्या, एकमेकींवरून वळत गेलेल्या. एमराल्ड ॲश बोररच्या अळीचं हे काम. अळी साल आणि लाकूड यांच्यामधल्या जिवंत थरावर जगते, तो थर सगळीकडून कापला गेला की झाडाचं अन्न वर-खाली जाणं थांबतं आणि झाड मरतं. हा किडा अमेरिकेत प्रथम सापडला २००२ साली, डेट्रॉइटजवळ. तो स्वतः उडून फार लांब जात नाही. राज्यामागून राज्यं त्याने ओलांडली ती मुख्यतः माणसांच्या गाड्यांतून, जळाऊ लाकडात आणि ओंडक्यांत बसून. केंद्र सरकारने त्यावरची वाहतूकबंदी १४ जानेवारी २०२१ पासून उठवली, कारण किडा इतका पसरला होता की बंदीचा उपयोग उरला नव्हता. बंदी उठली म्हणून किडा निरुपद्रवी झाला असं कुणी समजू नये. ज्या गावात अजून ॲश उभे आहेत तिथे सालीसकट ओंडका नेणं मला पटत नाही, मग नियम काहीही असो.

हे नवीन नाही. एल्म वृक्षाचा डच एल्म रोग इथे १९३० साली ओहायोत ओळखला गेला. तो आला होता युरोपातून प्लायवूडच्या वरचा शोभेचा पातळ पापुद्रा काढण्यासाठी मागवलेल्या एल्मच्या ओंडक्यांतून. बंदरात उतरलेले ओंडके आगगाडीने आत गेले आणि सालीखालचे भुंगेरे रोगाची बुरशी घेऊन वाटेवरच्या झाडांवर उतरले. गावोगावच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी कमान धरणारी एल्मची झाडं त्यानंतर गेली. हौसेने लाकूड चिरणाऱ्या प्रत्येकाला ही हकिगत माहीत असायला हवी, कारण तिथे आपल्यासारख्याच कुणीतरी सुंदर लाकडासाठी ओंडका मागवला होता.

आमच्या भागात आणखी एक पाहुणा आहे, स्पॉटेड लँटर्नफ्लाय. २०१४ साली पेन्सिल्वेनियाच्या बर्क्स काउंटीत तो पहिल्यांदा सापडला, २०१८ मध्ये नदी ओलांडून न्यू जर्सीत आला. त्याचं आवडतं झाड इथे ‘ट्री ऑफ हेवन’ म्हणून ओळखलं जातं, आपल्या महारुखाच्याच कुळातलं. मादी सप्टेंबरपासून थंडी पडेपर्यंत अंडी घालते, एका पुंजक्यात साधारण ३० ते ५०, आणि वर राखाडी लेप देते. दिसायला ते भिंतीवर उडालेल्या ओल्या सिमेंटच्या शिंतोड्यासारखं असतं. अंडी सालीवर असतातच, पण दगडावर, लोखंडावर, टायरवरही असतात. ओंडके चढवण्याआधी मी ट्रेलरखाली विजेरी घेऊन आडवा होतो आणि चासीचे आतले कोपरे, चाकाच्या वरचा पत्रा, सुट्या चाकाची मागची बाजू बघतो. पुंजका सापडला तर जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडून स्पिरिटच्या पिशवीत टाकतो. नुसता खरवडून खाली पाडला तर त्यातली अंडी उबू शकतात.

कुठल्या काउंटीतून कुठे काय नेता येतं, कुणाला परवाना लागतो, घरगुती वाहतुकीला कोणती तपासणी यादी भरायची, हे दरवर्षी बदलतं. त्यामुळे दोन्ही राज्यांच्या कृषी खात्यांचं संकेतस्थळ निघण्याच्या आठवड्यात बघायचं. मागच्या वर्षीच्या माहितीवर निघायचं नाही.

३. अंगणातलं झाड म्हणजे लोखंड. कपडे वाळत घालायच्या दोरीचा हूक, झोपाळ्याची कडी, कुंपणाची तार, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीचा खिळा, या सगळ्यावर झाड साल चढवतं आणि गिळून टाकतं. ओक आणि अक्रोडात टॅनिन असतं, त्याचा लोखंडाशी संयोग झाला की लाकडात निळा-काळा डाग उठतो. कापलेल्या तोंडावर असा डाग दिसला तर वर कुठेतरी धातू आहे असं धरून चाला. धातुशोधक यंत्र सगळीकडून फिरवा, तेही पहिली फळी काढल्यावर पुन्हा एकदा, कारण खोलवरचं लोखंड त्याला बाहेरून ऐकू येत नाही. अंगणातल्या ब्लॅक वॉलनटला हजारो डॉलर येतात अशी इथल्या घरमालकांची पक्की समजूत असते. मोठे खरेदीदार अंगणातलं झाड या लोखंडापायीच घेत नाहीत, हे त्यांना शांतपणे सांगावं लागतं. मग बऱ्याचदा तेच झाड आपल्याला मिळतं.

४. मोजायचं कसं, ते आधी ठरवा. सांगलीला वखार असलेले माझे मामा इथे आले होते, तेव्हा अंगणातल्या ओंडक्याला त्यांनी टेपचा वेढा घातला आणि विचारलं, “काय रे, हे किती घनफुटाला लावलंस?” मी म्हटलं, “मामा, इथे घनफूट नाही चालत, बोर्ड फूट.” बारा बोर्ड फूट म्हणजे एक घनफूट, हे सांगितल्यावर त्यांनी लगेच आपल्या पद्धतीने हिशोब केला. मधल्या घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. २० इंच व्यासाच्या, १० फुटी ओंडक्याचे त्यांचे १७ घनफूट आले, म्हणजे सुमारे २०५ बोर्ड फूट. इथे बऱ्याच ठिकाणी चालणारं डॉइलचं सूत्र वेगळं आहे. बारीक टोकाच्या व्यासातून ४ वजा करायचे, वर्ग करायचा, लांबीने गुणून १६ ने भागायचं. त्याने तोच ओंडका १६० भरतो. “आणि बारीक असला तर?” मामांनी नेमकं विचारलं. १० इंची ओंडका त्यांच्या पद्धतीने ५१ बोर्ड फूट, डॉइलने साडेबावीस. बारीक मालात डॉइल निम्म्याहूनही कमी मोजतं. विकणारा कोणत्या पट्टीने मोजतो हे विचारल्याशिवाय भावाचं बोलणं करू नका. आणि झाड एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेत असाल, तर बारीक ओंडक्यांना डॉइल लावून त्याचं नुकसान करू नका. आपल्या पातळ पट्ट्याच्या करवतीतून त्या सूत्रापेक्षा जास्त फळी निघते, हे आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं.

५. ओल्या लाकडाचं वजन डोळ्यांना दिसत नाही. ताज्या कापलेल्या रेड ओकचं वजन घनफुटाला साधारण ६३ पाउंड. वर सांगितलेला २० इंची, १० फुटी ओंडका मामांच्या पद्धतीने नव्हे, तर पूर्ण गोल धरून मोजला की १,३७० पाउंडांच्या घरात जातो, म्हणजे सव्वासहाशे किलो. व्हाइट पाइनचा तेवढाच ओंडका ८०० पाउंडांच्या आत राहतो. दोन आसांच्या, एकूण ७,००० पाउंड क्षमतेच्या ट्रेलरचं स्वतःचं वजन दोन हजाराच्या आसपास असतं. म्हणजे ओकचे असे तीन ओंडके झाले की पुरे. चौथ्याला जागा दिसते, पण तो घ्यायचा नाही. भार आसाच्या थोडा पुढे हवा, एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग गाडीच्या हूकवर यायला हवा. मागे भार पडला की उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग स्टिअरिंग आपलं राहत नाही.

बांधायला साखळी. साल पट्ट्याला कापते. व्यावसायिक वाहनांसाठीच्या केंद्रीय नियमात बांधणीची एकूण सुरक्षित भारक्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी असं आहे आणि पहिल्या ५० मैलांत बांधणी पुन्हा तपासायला सांगितलं आहे. मी क्षमता पूर्ण वजनाइतकी ठेवतो आणि पाच मैलांवरच थांबतो. हादऱ्यांनी साल दबते, काही ठिकाणी गळून पडते आणि साखळी ढिली होते.

६. पूल आधी ठरवा, रस्ता नंतर. डेलावेअरवरचे जुने पूल देखणे आहेत, पण ओंडक्यांसाठी नाहीत. रीगल्सव्हिलचा झुलता पूल रोब्लिंग यांच्या कंपनीने १९०४ साली बांधला, त्याची वजनमर्यादा ३ टन. वॉशिंग्टन क्रॉसिंगच्या पुलाचीही तेवढीच. भरलेला ट्रेलर आणि तो ओढणारी गाडी मिळून त्याच्या कितीतरी वर जातात. फोनमधला नकाशा जवळचा रस्ता म्हणून खुशाल तिकडेच नेतो. मी येतो ७८ क्रमांकाच्या महामार्गाने. फेरा पडतो, पण येताना टोल नाही, तो पेन्सिल्वेनियाकडे जातानाच घेतात.

७. कापल्या दिवशीच दोन्ही तोंडांवर मेणाचा लेप द्या. लाकूड टोकातून सगळ्यात लवकर सुकतं आणि तिथूनच चिरतं. चेरी आणि इतर फळझाडं तर वाट बघतच नाहीत. लेपाचा डबा गाडीतच ठेवावा, घरी नको.

८. जमेल तिथे झाड पडलं त्याच जागी चिरा. माझं मत आता इथे येऊन ठरलं आहे. चाकांवरची गिरणी ओढून नेता येते आणि मित्राकडून ती एका दिवसासाठी मिळते. ॲशच्या ओंडक्याची साल आणि तिच्याखालचं अर्धा इंच लाकूड काढलं की बोररचा धोका संपतो, हे कृषी खात्याच्या जुन्या नियमांतही मान्य होतं. चौकोनी चिरलेल्या फळ्या घेऊन हद्द ओलांडताना मला काळजी नसते. वजन कमी, बांधायला सोपं आणि साल जिथली तिथेच. कडेच्या सालीच्या फळ्या जळणासाठी कुणी मागितल्या तर त्याच गावातल्या माणसाला द्याव्यात. शेजारी मागतात म्हणून मी त्या इकडे आणत नाही, त्यांना कारण सांगतो. बहुतेकांना पटतं.

९. फळ्या विकायला लागलात की हिशोब बदलतो. स्वतःच्या वापरासाठी, मोबदला न घेता केलेल्या वाहतुकीला केंद्रीय नियमांत सवलत आहे. धंदा म्हणून, राज्याची हद्द ओलांडून, गाडी आणि ट्रेलरची मिळून १०,००१ पाउंड किंवा त्यावर नोंदलेली क्षमता घेऊन निघालात तर तुम्ही व्यावसायिक वाहन चालवताय. पहिली फळी विकण्याआधी हे वाचून घ्या.

१०. हंगाम जानेवारी ते मार्च. जमीन गोठलेली असते, ट्रेलर शेतात रुतत नाही. मेपलवर उन्हाळ्यात काही आठवड्यांत चढणारा करडा डाग थंडीत चढत नाही. लँटर्नफ्लायची अंडी उघड्या सालीवर स्पष्ट दिसतात आणि ॲशमधल्या अळ्या सालीखाली गप्प असतात. ॲशचे भुंगेरे मे-जूनमध्ये बाहेर पडतात. त्यामुळे एप्रिल संपेपर्यंत अंगणातला ॲशचा प्रत्येक ओंडका चिरून, सालीचे तुकडे जाळून जागा मोकळी करायची. तोवर चिरणं होणार नसेल, तर फोन आला तरी तो ओंडका दुसऱ्या कुणाला देऊ द्यावा.