संगणक सुरू करताना येणारी पासवर्डची पाटी कशी काढावी, आणि अडलं तर मदत कशी मागावी

घरात सगळ्यांत मिळून एकच डेस्कटॉप. सकाळी आजोबा त्यावर पेपर वाचतात, दुपारी नातवंडं गृहपाठाच्या प्रिंट काढतात, आणि दर वेळी बटण दाबलं की समोर पासवर्ड मागणारी पाटी. घराबाहेर न जाणाऱ्या संगणकावरची ही पाटी काढता येते. पण सगळ्या पाट्या सारख्याच वाटल्या तरी त्या लावणारे वेगवेगळे असतात. म्हणून आधी पाटी कोणाची ते ओळखायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा. पुढची कृती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

सुरुवात करण्याआधी

लॅपटॉप, ऑफिसचा संगणक किंवा दुकानातला बिलिंगचा पीसी असेल, तर पाटी राहू द्या. घरच्या पीसीसाठी दोन गोष्टी हाताशी हव्यात: अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेलं खातं आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड. रोज चार अंकी पिन टाकून मूळ पासवर्ड विसरलेली मंडळी पुष्कळ असतात, आणि इथे पिन चालत नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर ब्राउझरमधून त्यात लॉगिन करून पासवर्ड आधीच तपासून घ्या.

कृती

१. पाटी नेमकी केव्हा येते ते बघा. विंडोज सुरू होण्याआधीच, काळ्या पडद्यावर येत असेल तर ती बायॉसची. तिचा पासवर्ड बायॉसच्या सेटिंगमध्येच काढावा लागतो. निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जात असेल तर तो बिटलॉकर. तिथे ती कीच शोधायची, दुसरे प्रयोग करायचे नाहीत. विंडोज सुरू झाल्यावर नाव आणि फोटोखाली पासवर्डची जागा दिसत असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठीच आहेत. पाटी फक्त मधल्या विश्रांतीनंतर येत असेल तर थेट सहाव्या पायरीवर जा.

२. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स उघडा. तिथे फक्त विंडोज हॅलोनेच साइन-इन करू द्यावं, अशा अर्थाचं बटण दिसलं तर ते बंद करा. ते चालू असलं की पुढच्या चौकटीतली आपल्याला हवी असलेली खूण दिसतच नाही. संगणक एकदा रीस्टार्ट करा.

३. विंडोजची कळ दाबून ठेवून आर दाबा. उघडलेल्या रनच्या चौकटीत एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही आठ अक्षरं सलग टाइप करून एन्टर करा. खात्यांची यादी येईल. आपलं खातं निवडा आणि यादीच्या वर, ‘युझर्स मस्ट एन्टर अ युझर नेम अँड पासवर्ड’ अशी सुरुवात असलेल्या ओळीपुढची खूण काढून अप्लाय दाबा.

४. आता पासवर्ड दोनदा मागितला जाईल. तो सावकाश टाका. ही चौकट दोन्ही पासवर्ड एकमेकांशी जुळतात का एवढंच बघते, ते बरोबर आहेत का हे बघत नाही. दोन्हीकडे एकच चूक झाली तरी ती मुकाट ओके म्हणते, आणि घोळ पुढच्या वेळी संगणक सुरू करताना कळतो.

५. रीस्टार्ट करून बघा. सरळ डेस्कटॉप आला तर काम झालं. पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश आला तर नेहमीसारखं आत जा, तिसऱ्या पायरीतली खूण परत लावून अप्लाय करा, मग पुन्हा काढा आणि पासवर्ड नव्याने द्या. पुढे कधी खात्याचा पासवर्ड किंवा संगणकाचं नाव बदललंत, तरी हेच पुन्हा करावं लागेल.

६. विश्रांतीनंतरची पाटी काढायला साइन-इन ऑप्शन्समध्येच ‘इफ यू हॅव बीन अवे’ ही ओळ शोधा आणि तिथे ‘नेव्हर’ निवडा. स्क्रीन सेव्हर लावला असेल तर त्याच्या चौकटीतली ‘ऑन रिझ्युम’ने सुरू होणारी खूणही काढा.

७. खात्यांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं तर लगेच उडवू नका. विंडोज एक्सपीच्या काळात डॉट नेट फ्रेमवर्क १.१ बसवलं की एएसपीनेट नावाचं खातं आपोआप तयार व्हायचं, आणि तोवर सरळ सुरू होणारा संगणक स्वागताच्या पडद्यावर अडायचा. लोकांना वाटायचं, व्हायरस शिरला. खातं कशामुळे आलं ते आधी शोधा. सेटिंग्जमधून खात्यासह त्याचा डेटा काढला की त्यातल्या डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फायलीही जातात, म्हणून त्यांची प्रत आधी काढून ठेवा.

रजिस्ट्रीत स्वतःच्या हाताने पासवर्ड लिहून ठेवायची एक युक्तीही सांगितली जाते. तिच्या वाटेला जाऊ नका. तो पासवर्ड तिथे उघडा पडून राहतो. कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातलाच प्रकार.

तरीही अडलं तर

मग सोसायटीच्या ग्रुपवर किंवा ऑनलाइन कुठेतरी प्रश्न टाकायची वेळ येते. ‘कॉम्प्युटर चालत नाही, अर्जंट मदत करा!!!’ याला उत्तर देणार काय आणि कोण? इथेही पाटी कोणाची, हेच आधी सांगायचं असतं.

- रनच्या चौकटीत विनव्हर हा शब्द रोमन अक्षरांत टाइप केला की विंडोजची आवृत्ती कळते. ती लिहा.
- संदेश पडद्यावर आहे तसा, अक्षरन् अक्षर लिहा. फोटो टाकणार असाल तर त्यातला ई-मेल पत्ता आधी झाका. पासवर्ड आणि रिकव्हरी की कुठेच टाकू नका.
- काय काय करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी काय झालं, ते क्रमाने सांगा.
- एकच प्रश्न दहा ग्रुपवर टाकू नका. उत्तर देणारा आपला वेळ खर्चून देतो. तासाभरात ‘कुणी आहे का?’ म्हणून ओरडू नका.
- १९९५ सालच्या आरएफसी १८५५ या शिष्टाचाराच्या टिपणात, सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, असं बजावलं होतं. देवनागरीत कॅपिटल नाहीत, पण उद्गारचिन्हांच्या रांगा तेच काम करतात.
- मदतीच्या निमित्ताने कुणी खासगी मेसेज करून संगणकाचा ताबा देणारं अ‍ॅप बसवायला सांगितलं, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

असा प्रश्न चालेल: ‘विंडोज ११, घरचा पीसी. पासवर्डची खूण काढली, दोनदा पासवर्ड दिला. रीस्टार्ट केल्यावर पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येतो, पण तोच पासवर्ड हाताने टाकला की आत जाता येतं. गेल्या आठवड्यात पीसीचं नाव बदललं होतं.’ जाणकाराला यातलं शेवटचं वाक्य पुरतं.

आणि काम झालं की नुसता ‘थँक्स’ नको. कोणत्या पायरीने झालं तेही त्याच जागी लिहा. सहा महिन्यांनी हाच प्रश्न घेऊन येणाऱ्याला तुमच्या आभारांपेक्षा त्या ओळीचा उपयोग जास्त होईल.