‘ईट’, ‘खाणे’ आणि ‘जेवणे’

इंग्रजीतील ‘ईट’ हे क्रियापद मुलांच्या कानावर अगदी लवकर पडते. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जात असल्याने या शब्दाची नेमकी व्याप्ती शिक्षकांनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे. मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषिक शहरात तर ही गरज अधिकच जाणवते.

दोन क्रिया, एक शब्द

इंग्रजीत फळ खाल्ले वा भोजन केले, तरी ‘ईट’ चालते. हिंदीतही ‘खाना’ दोन्हींसाठी पुरतो. मराठीत ‘खाणे’ व ‘जेवणे’ यांत भेद आहे आणि गुजरातीतही ‘खावुं’ व ‘जमवुं’ असा तो आढळतो. व्याकरणातही हा भेद दिसून येतो. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने पोळी खाल्ली’ येथे क्रियापद कर्मानुसार बदलते. ‘मुलगा जेवला’, ‘मुलगी जेवली’ येथे ते कर्त्यानुसार चालते. इंग्रजीच्या ‘एट’ या भूतकाळी रूपाला मात्र लिंगवचनाचे बंधन नाही.

व्यवहारातील महत्त्व

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाल्लेली गृहिणी ‘जेवलात का?’ या प्रश्नास ‘नाही’ असेच उत्तर देईल, आणि ते खरेही असेल. आहाराची पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने तेवढ्यावरून ‘आहार निरंक’ अशी नोंद केली, तर ती चुकीची ठरेल. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत अशी चूक घातकही होऊ शकते. म्हणून ‘सकाळपासून काय काय खाल्ले, प्यायले?’ असे विचारणे श्रेयस्कर. शाळेतील पोषण आहाराच्या वेळीही ‘घरून काही खाऊन आलास का?’ हा प्रश्न ‘जेवलास का?’ यापेक्षा अधिक माहिती देतो. औषधासंबंधी सूचना देताना ‘जेवणानंतर’ आणि ‘काहीतरी खाल्ल्यावर’ यांतील फरक रुग्णास समजावून सांगावा.

लाक्षणिक अर्थ

उत्तनच्या किनाऱ्यावर खारे वारे लोखंड खातात. अशा वेळी इंग्रजीतही ‘ईट’ योजतात. परंतु मार खाणे, भाव खाणे, कच खाणे, हेलकावे खाणे हे प्रयोग इंग्रजीत शब्दशः नेता येत नाहीत. हिंदीत ‘कसम खाना’ म्हणतात, मराठीत शपथ घेतली जाते. ‘ईट वन्स वर्ड्स’ म्हणजे आपले विधान नाइलाजाने मागे घेणे. आपल्याकडील ‘शब्द गिळणे’ म्हणजे ओठावर आलेले न बोलणे. शब्दास शब्द ठेवला तर येथे अर्थाचा अनर्थ होतो.

पंचायतीच्या दप्तरात दोन प्रयोग विशेष भेटतात. ‘आकडे मेळ खात नाहीत’ याचा अर्थ हिशेब जुळत नाही, एवढाच. ‘पैसे खाल्ले’ हा मात्र गंभीर आरोप आहे. तक्रारदाराचे असे शब्द टिपताना त्याला लाच अभिप्रेत आहे की अपहार, हे विचारून स्पष्ट लिहावे. कारण पुढील कारवाईची दिशा त्यावरच ठरते.

वर्गात शब्दार्थ पाठ करून घेण्यापेक्षा मुलांच्या घरच्या भाषांतील असे प्रयोग फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. परकी भाषा शिकताना स्वभाषेची जाण वाढते, ती अशा तुलनेतूनच.