जड स्कॅन आणि उघडी कागदपत्रं

खरिपाचा पीक विमा सुरू झाला की सुलतानपूरसारख्या गावात सेवा केंद्राच्या संगणकात सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक यांच्या स्कॅनचा ढीग लागतो. लोणार-मेहकरला खेटे नकोत म्हणून माणसं विश्वासानं गावातच कागद देतात. तो संगणक लिनक्सवर चालत असेल, तर कोणती फाइल जड आणि कोणती सगळ्यांना उघडी, हे एका ओळीत कळतं.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं नि आकडे घ्या.

टर्मिनल उघडून स्कॅनच्या फोल्डरमध्ये जा आणि लिहा:

फाइंड . -टाइप एफ -साइझ +२००के -एलएस

टिंब म्हणजे इथपासून खाली सगळं. ‘टाइप एफ’ म्हणजे नुसत्या फाइली, फोल्डर नकोत. अधिकचं चिन्ह म्हणजे त्याहून मोठ्या. ‘एलएस’ म्हणजे तपशिलासह यादी. के लहान अक्षरातला. एमबीचा एम आणि जीबीचा जी मात्र मोठा. समजा पोर्टलची मर्यादा २०० केबी आहे, तर परत येणारे स्कॅन आधीच हाती लागतात. शेतकऱ्याला दुसरा हेलपाटा पडत नाही.

इथे एक मेख आहे. फाइंड आकार मोजताना पुढच्या पूर्ण एककावर नेतं. ३०० केबीची फाइलही एमबीत मोजली की १ एमबी धरली जाते. म्हणून ‘-साइझ -१एम’ लिहिलं, तर फक्त रिकाम्या फाइली मिळतात. एमबीहून लहान हव्या असतील तर ‘-१०२४के’ लिहा. स्कॅन चालू असताना लाइट गेली असेल, तर ‘-साइझ ०’ नेही एकदा शोधा. नाव आहे पण आत काहीच नाही, अशा फाइली निघतात.

आता परवानग्या. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतरांचे. कुणीही वाचू शकेल अशा फाइली:

फाइंड . -टाइप एफ -पर्म -००४ -एलएस

पर्म म्हणजे पी-ई-आर-एम. आकड्याआधी उणे असेल तर ‘निदान एवढी परवानगी आहे’, काहीच नसेल तर ‘नेमकी एवढीच’. तिरकी रेघ दिली, जसं ‘/०२२’, तर गट किंवा इतर यांपैकी कुणालाही लिहिता येत असलेल्या फाइली येतात.

यादी नीट वाचा. दुसऱ्याच्या आधारची प्रत त्यात दिसली तर ती आजच बंद करायला हवी:

फाइंड . -टाइप एफ -पर्म -००४ -एक्झेक सीएचमॉड ६०० {} +

एक्झेक ई-एक्स-ई-सी, सीएचमॉड सी-एच-एम-ओ-डी. जोडीदार वेगळ्या लॉगिननं काम करत असेल, तर दोघांचा एक गट करून ६४० द्या. मग आधीची शोधाची ओळ पुन्हा चालवा. यादी कोरी आली पाहिजे.

हंगामानंतर प्रती काढून टाकताना ‘-डिलीट’ कायम ओळीच्या शेवटी लिहा. अटींच्या आधी पडलं, तर अटी तपासायच्या आतच सगळं फोल्डर रिकामं होतं.