चौरसाचा प्रश्न

तत्त्वज्ञान हा शब्द ऐकतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें पांढऱ्या दाढीचा एखादा वृद्ध उभा राहतो. परंतु या विषयांतील एका सुप्रसिद्ध धड्याचा विद्यार्थी आहे भूमिति न शिकलेला एक गुलाम मुलगा.

ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या 'मेनो' नांवाच्या संवादांत सॉक्रेटिस त्या मुलापुढें एक चौरस काढतो. बाजू २ फूट, क्षेत्रफळ ४ चौरस फूट. याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? वाचकांनीं येथें क्षणभर थांबून कागदावर प्रयत्न करून पाहावा.

मुलगा बेधडक म्हणतो, ४ फूट. पण मग क्षेत्रफळ १६ भरतें. बरें, ३ फूट? त्याचे ९ होतात. हवे आहेत ८. अखेर तो कबूल करतो कीं, आपणांस ठाऊक नाहीं. तेव्हां सॉक्रेटिस त्याच्या धन्याकडे वळून विचारतो, या कबुलीनें मुलाचें कांहीं नुकसान झालें काय? आमच्या मतें धड्याचें मर्म येथें आहे. आपणांस जें ठाऊक आहे असें वाटतें, तें खरोखर ठाऊक आहे काय, हें स्वतःस विचारणें हाच तत्त्वज्ञानाचा आरंभ. पुढें मूळ चौरसाचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू, हें मुलास पटतें. (खरें सांगावयाचें तर सॉक्रेटिसाचे हे पुढील प्रश्न उत्तर सुचविणारेच आहेत, आणि ज्ञान म्हणजे आत्म्याचें पूर्वस्मरण, हा त्यावरून काढलेला सिद्धांत आम्हांस पटत नाहीं.)

याच सॉक्रेटिसास, तरुणांना बिघडविल्याच्याही आरोपावरून, इ. स. पूर्व ३९९ मध्यें अथेन्स नगरींत विष प्यावें लागलें. प्रश्न विचारून मुलें उद्धट होतात, ही भीति आजच्या पालकांनींच प्रथम बाळगली असें नाहीं.

आम्हीं हा प्रश्न नववीच्या वर्गास घातला. चार, मग तीन, आणि मग शांतता. ती आम्हांस सोसवली नाहीं. तास संपत आला होता, म्हणून आम्हींच फळ्यावर कर्ण काढून टाकला. दुसऱ्या दिवशीं मागच्या बांकावरील एक विद्यार्थी चौरस कागद घेऊन आला. चारही कोपरे त्यानें मध्याशीं दुमडले होते. उरलेला चौरस बरोबर अर्धा. उलगडला कीं दुप्पट.

"सर," तो म्हणाला, "काल वर्गांत मीं कागद हातीं घेतलाच होता. आपण थोडें थांबावयास हवें होतें."

यंदा नव्या वर्गापुढें हा प्रश्न ठेवूं, तेव्हां खडू टेबलाच्या खणांत ठेवण्याचा आमचा विचार आहे.