ट्रॅक्टरची विक्री व सरकारी दप्तरांतील नांव

परिवहन कार्यालयाच्या दारीं भल्या पहाटे रांग धरणाऱ्या शेतकरी बंधूंस आमची एक सूचना आहे. पहिला नंबर लागला तरी एखादा कागद अपुरा असल्यास सारा दिवस वायां जातो. म्हणून रांगेची तयारी घरींच करावी. ट्रॅक्टर विकला असल्यास नमुना २९, उभयतांच्या सह्यांचा नमुना ३०, नोंदणीपुस्तक व चालू विमापत्र जवळ असावें. बँकेचें कर्ज फिटलें असून बोजा कमी व्हावयाचा असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५ हि लागतो.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५० अन्वयें, विक्री राज्यांतल्या राज्यांत असल्यास विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत ती कळवावयाची असते. पैसे हातीं आले व ट्रॅक्टर दारांतून गेला, म्हणजे जोखीम गेली असें नव्हे. दप्तरांत ज्याचें नांव तोच कायद्यानें मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालच्या एका निकालांत ठरविलें आहे. नांव तसेंच राहून पुढें अपघात घडल्यास भरपाईची जबाबदारी विकणारावर येऊं शकते. विकलेल्या ट्रॅक्टरापायीं जमिनीवर बोजा चढण्यापेक्षां एक सकाळ रांगेंत गेलेली बरी.