चार मिनिटांनी चित्र का थांबते?

आचऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात पर्यटकांसाठी लॉज काढला की खोलीखोलीत टीव्ही लागतोच. अशी कामे अंगावर घेणाऱ्या आपल्या तरुणांनी संगणक जाळ्यातील एक नियम नीट समजून घ्यावा. त्याचे नाव आयजीएमपी.

समजा, बारा खोल्यांचा लॉज आहे आणि जाळ्यावर तीस वाहिन्या सोडल्या आहेत. एका वाहिनीस सेकंदाला ५ मेगाबिट धरले तर तिसांचे १५० झाले. साधा स्विच हा सगळा माल प्रत्येक खोलीकडे ढकलतो आणि १०० मेगाबिटची तार तुंबते. मागेल त्यालाच माल मिळावा, यासाठी हा नियम आहे.

प्रत्येक वाहिनीस २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारा एक गट-पत्ता असतो. खासगी जाळ्यात २३९ चा पत्ता वापरावा. टीव्ही वाहिनी लावतो तेव्हा ‘मी या गटात आलो’ असा निरोप धाडतो. समजदार स्विच तो ऐकून तेवढीच वाहिनी त्या तारेवर सोडतो.

१९८९ च्या पहिल्या आवृत्तीत गट सोडताना सांगण्याची सोय नव्हती. मुदत संपेपर्यंत माल वाहतच राही. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मी निघालो’ हा निरोप आला. तो येताच राऊटर ‘आणखी कोणी आहे काय?’ असे एकेका सेकंदाने दोनदा विचारतो. उत्तर न आल्यास वाहिनी बंद करतो. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत माल कोणाकडून हवा, हेही सांगता येऊ लागले.

याखेरीज राऊटर साधारण दर १२५ सेकंदांनी सर्वांची हजेरी घेतो. २६० सेकंदांत हजेरी न लागल्यास नाव कटते. गोम इथेच आहे. लहान जाळ्यात हजेरी घेणाराच कोणी नसतो. टीव्ही सुरुवातीला एकदा निरोप देतो, पुढे कोणी विचारत नाही म्हणून गप्प राहतो, आणि चार-साडेचार मिनिटांनी स्विच तार बंद करतो. मालक टीव्हीला दोष देतो, कारागीर तारा बदलत बसतो आणि पैसे अडकतात.

उपाय बिनखर्चाचा आहे. स्विचमध्ये ‘क्वेरियर’ची सोय असल्यास ती एका स्विचवर चालू करावी. खरेदीपूर्वी ती सोय आहे की नाही, हे विचारून घ्यावे. काम सोपवताना एकच वाहिनी दहा मिनिटे सलग चालवून दाखवावी, मगच बिल द्यावे.