याकोब, एसाव आणि आईबाबांचा सुवर्णमहोत्सव

आपल्या धर्मग्रामात काही जोडप्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होतात. वेदीसमोर ती पुन्हा हातात हात देतात, धर्मगुरू आशीर्वाद देतात, नातवंडे फोटोसाठी धावपळ करतात. परंतु काही घरांत या सणाची बोलणी निघाली की सगळे गप्प होतात. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. बहीण माहेरी येते, पण भाऊ कामावर गेल्याची खात्री करून. कुठे जमिनीची वाटणी आडवी आलेली असते, कुठे बाबांच्या आजारपणाचा खर्च, तर कुठे उशिरा पोहोचलेले एक आमंत्रण. आईबाबांना सगळी मुले एका पंगतीला हवी असतात, आणि तेवढेच ते मागत नाहीत.

या आठवड्यात आपण उत्पत्तीच्या पुस्तकातील ३२ व ३३ हे अध्याय घरी वाचू या. याकोबाने थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद कपटाने मिळवला होता. एसाव जिवावर उठला म्हणून तो पळाला आणि मामाकडे वीस वर्षे राहिला. परत येताना कळले की एसाव ४०० माणसे घेऊन समोरून येत आहे. याकोब घाबरला. त्याने शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवे असे कळप एकामागून एक पुढे पाठवले आणि स्वतः सात वेळा जमिनीपर्यंत वाकून भावाला सामोरा गेला. एसाव धावत आला आणि त्याने त्याला मिठी मारली. दोघे रडले.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. एसाव म्हणतो, माझ्याकडे भरपूर आहे, तुझे तुला राहू दे. तरी याकोब आग्रह करतो. तेव्हा तो आपल्या भेटीसाठी जो हिब्रू शब्द वापरतो तो ‘बेराखा’, म्हणजे आशीर्वाद. २७ व्या अध्यायात चोरीला गेला तोही हाच. जुन्या प्रकरणाचा कोणी उच्चार करत नाही, पण घेतलेले काहीतरी परत दिले जाते.

मग पहिला फोन कोणी करायचा? मत्तयच्या ५ व्या अध्यायात प्रभू येशू वेदीपाशी आलेल्या माणसाला माघारी पाठवतो, कारण भावाच्या मनात त्याच्याविषयी काही आहे. चूक कोणाची, हे तेथे विचारलेलेच नाही. म्हणजे फोन आपणच करायचा. ‘झाले गेले विसरून जा’ असे मात्र म्हणू नये. ते ऐकणाऱ्याला आणखी लागते. कामाचे बोलावे: ‘आईच्या लग्नातले फोटो तुझ्याकडे आहेत ना? अल्बम तूच कर.’ पत्रिकेवर सगळ्या मुलांची नावे वयाच्या क्रमाने घालावीत, लग्न होऊन गेलेल्या मुलींचीसुद्धा. ज्याची कमाई कमी त्याने किती दिले हे चारचौघांत काढू नये. आणि जमिनीचा विषय त्या बैठकीत नको. त्याला कागदपत्रे लागतात आणि वेगळा दिवस लागतो. (जेवणाच्या रात्री दोन पेग झाल्यावर जुने हिशेब काढणारे एक काका बहुतेक घरांत असतात. त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.)

भेट झाली म्हणजे रोजचे येणेजाणे लगेच सुरू होईल असे नाही. एसाव म्हणाला, चल, बरोबरच जाऊ. याकोबाने मुले लहान असल्याचे सांगितले, मागून हळूहळू येतो म्हणाला, आणि गेला मात्र सुक्कोथला. पवित्र शास्त्र हे लपवत नाही. त्यानंतर दोघे भाऊ एकत्र दिसतात ते ३५ व्या अध्यायाच्या शेवटी, बापाला, इसहाकाला, मूठमाती देताना.

ज्यांच्या घरी सुवर्णमहोत्सव येत आहे त्यांनी मिस्सेची तारीख कार्यालयात देण्याआधी सर्व भावंडांना विचारावे, परदेशी असलेल्यांनाही. लग्नाच्या २५ व्या आणि ५० व्या वाढदिवसासाठी मिस्साग्रंथात खास प्रार्थना आहेत, म्हणून धर्मगुरूंना आधी कळवावे. वाचने आणि अर्पणे भावंडांत वाटून घ्यावीत. न बोलणाऱ्या दोघांना लोकांसमोर मुद्दाम एकत्र चालवू नये. त्यांनी आपणहून म्हटले तरच.